पित्ताशय काढायचं का, आणि काढल्यावर पुढे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पित्ताशयात खडे आहेत असं कळलं की पहिल्या दिवसापासून दोन टोकाचे सल्ले मिळायला लागतात. एक जण म्हणतो लगेच काढून टाका, दुसरा म्हणतो शरीराचा अवयव आहे, हात लावू देऊ नका. खालची उत्तरं या दोघांच्या मधली आहेत. तुमच्या तपासण्या पाहिलेल्या डॉक्टरांचं मत यापेक्षा वेगळं असेल, तर ते का वेगळं आहे हे त्यांनाच विचारा.

सोनोग्राफीत खडे दिसले. म्हणजे ऑपरेशन आलंच का?

नाही. दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली आणि त्यात खडे सापडले, असं फार जणांचं होतं. खडे असलेल्या बहुतेकांना, म्हणजे दहातल्या जवळपास आठांना, त्यांचा काहीच त्रास नसतो. अशा मुक्या खड्यांपैकी वर्षाला शंभरात साधारण एक ते चार जणांना त्रास सुरू होतो. बाकीच्यांचं आयुष्य खड्यांसकट निवांत जातं. रिपोर्टमध्ये 'अनेक खडे' लिहिलंय की 'एकच खडा', एवढ्यावरून ऑपरेशनचा निर्णय होत नाही.

त्रास नसतानाही काढण्याचा विचार करावा लागतो अशा काही परिस्थिती आहेत: पित्ताशयाच्या आत १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठा पॉलिप (आतल्या अस्तरावर वाढलेला कोंब) असणं, खडा ३ सेंटिमीटरपेक्षा मोठा असणं, पित्ताशयाच्या भिंतीत चुना साठलेला असणं. पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीत मुख्य चिंता कॅन्सरची असते, मोठ्या खड्यातही तिचा वाटा असतो. सिकलसेलसारख्या रक्ताच्या आजारात खडे वारंवार होतात, तिथेही हिशेब वेगळा असतो. नुसता मधुमेह आहे म्हणून मुके खडे काढायचे, हा सल्ला पूर्वी सर्रास दिला जायचा. आता तसं सांगत नाहीत.

माझं दुखणं खड्यांचंच आहे, हे कसं ओळखायचं?

माझ्या मते या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. निर्णय खड्यांच्या संख्येवर घ्यायचा नसतो, दुखण्याच्या स्वरूपावर घ्यायचा असतो.

खड्यांची कळ बहुधा अशी असते: बरगड्यांच्या खाली उजवीकडे किंवा पोटाच्या वरच्या भागात अगदी मध्यावर सुरू होते आणि थोड्याच वेळात जोर धरते. मग अर्धा तास ते पाच-सहा तास एकसारखी टिकते आणि सोडून जाते. पाठीत किंवा उजव्या खांद्याच्या फऱ्यामागे पोचते. मळमळ होते, उलटी होते. भरपूर जेवणानंतर किंवा मध्यरात्री झोपेतून उठवणारी कळ हा तर नमुनाच. कूस बदलली, ढेकर दिली, शौचाला जाऊन आलं, तरी फरक पडत नाही. दोन कळांच्या मध्ये आठवडे, कधी महिनेही अगदी चांगले जातात.

आता याच्या उलट चित्र बघा. रोज थोडं थोडं फुगल्यासारखं वाटतं, घशाशी आंबट येतं, गॅस होतो, शौचाला गेल्यावर पोट हलकं होतं. हे खड्यांमुळे असण्याची शक्यता कमी. अशा माणसाच्या सोनोग्राफीत खडे दिसतात, सगळं खापर खड्यांवर फुटतं, ऑपरेशन होतं आणि तक्रार जागच्या जागी राहते. नेदरलँड्समध्ये हजाराहून जास्त रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरानंतरही चाळीस टक्क्यांच्या आसपास लोकांचं पोट थोडंफार दुखतच होतं. ऑपरेशन फसलं असा याचा अर्थ नाही. पोट दुखण्याची कारणं अनेक असतात आणि त्यातलं एकच ऑपरेशनने जातं.

म्हणून सर्जनकडे जाण्याआधी वहीत लिहून ठेवा: कळ किती वाजता आली, कुठे, किती वेळ, आधी काय खाल्लं होतं, कशाने थांबली. चार-पाच कळांची अशी नोंद असली की निदान बरंच सोपं होतं. आणि एक खबरदारी. पोटाच्या वरच्या भागात, छातीच्या खाली पहिल्यांदाच जोराचं दुखत असेल, घाम फुटत असेल, दम लागत असेल, तर आधी ईसीजी. हृदयविकाराचा झटकाही कधी कधी पोटदुखीचं रूप घेऊन येतो.

कोणत्या लक्षणांना अजिबात थांबायचं नाही?

कळ पाच-सहा तासांनंतरही ओसरत नाही. थंडी वाजून ताप येतो. डोळे पिवळे दिसतात, लघवी गडद होते, शौचाचा रंग मातीसारखा फिका पडतो. दुखणं पाठीत आरपार जातं आणि उलट्या थांबत नाहीत. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, मग रात्र असो की सुट्टी. पहिल्या प्रकारात पित्ताशयाला सूज आलेली असू शकते. ताप, कावीळ आणि दुखणं एकत्र असेल तर पित्तनळीत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो, आणि तो काही तासांत जिवावर बेततो. शेवटचं लक्षण स्वादुपिंडाच्या सुजेचं.

पित्ताशयाला सूज आलेली असताना 'आधी सूज उतरू द्या, दीड-दोन महिन्यांनी काढू' अशी पद्धत बरीच वर्षं होती. आता तब्येत साथ देत असेल तर त्याच भरतीत, पहिल्या काही दिवसांतच ऑपरेशन करणं जास्त चांगलं मानतात, कारण थांबलेल्या काळात पुन्हा सूज येण्याचा धोका राहतो. खड्यामुळे स्वादुपिंडाला सौम्य सूज आली असेल तरी तेच: घरी जाण्याआधी पित्ताशय काढून घ्यावं. वय फार झालेलं असेल किंवा भूल देणं धोक्याचं असेल, तर पित्ताशयात बाहेरून नळी घालून पू काढतात आणि वेळ मिळवतात.

कळ एकदाच आली होती. थांबून बघितलं तर चालेल का?

चालू शकतं, आणि हे बोलून दाखवायला बरेच डॉक्टर कचरतात. गुंतागुंत नसलेली साधी कळ येणाऱ्या ४३४ लोकांवर ब्रिटनमध्ये झालेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना ऑपरेशन सुचवलं, निम्म्यांना वेदनाशामक आणि आहाराचा सल्ला देऊन थांबवलं. दीड वर्षात थांबलेल्यांपैकी साधारण एक चतुर्थांश लोकांना ऑपरेशन करून घ्यावं लागलं. दोन्ही गटांच्या जगण्याच्या दर्जात मात्र मोठा फरक दिसला नाही.

पण दीड वर्ष म्हणजे आयुष्य नव्हे. एकदा खरी कळ येऊन गेली की पुन्हा येण्याची शक्यता मुक्या खड्यांपेक्षा बरीच जास्त असते. महिन्याला दोनदा रात्र जागून काढत असाल, जवळ हॉस्पिटल नाही अशा ठिकाणी कामाला असाल, गरोदर राहण्याचा विचार असेल, तर सोयीची वेळ ठरवून काढून घेणं शहाणपणाचं. वर्षात एकच कळ आली आणि ती गोळीने शमली, तर घाई करायचं कारण नाही.

औषधाने खडे विरघळत नाहीत का? किडनीच्या खड्यांसारखे फोडता येत नाहीत का?

अर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिड नावाचं औषध आहे. ते फक्त कोलेस्टेरॉलच्या, लहान आणि चुना न चढलेल्या खड्यांवर चालतं, पित्ताशय नीट आकुंचन पावत असेल तरच. सहा महिने ते दोन वर्षं घ्यावं लागतं. विरघळले तरी पाच वर्षांत जवळपास निम्म्या लोकांना पुन्हा होतात. ऑपरेशन झेपणारच नाही अशांसाठी ठीक आहे. या औषधाचा खरा उपयोग दुसरीकडे होतो: वजन झपाट्याने उतरतं तेव्हा, उदाहरणार्थ वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर, नवे खडे होऊ नयेत म्हणून.

किडनीतला खडा फोडला की तुकडे लघवीवाटे वाहून जातात. पित्ताशयातून बाहेर पडायची वाट अरुंद आणि वळणाची, आणि पुढे तीच वाट स्वादुपिंडाच्या नळीला मिळते. चार मिलिमीटरचा तुकडा तिथे अडकला तर दोन सेंटिमीटरच्या खड्यापेक्षा जास्त त्रास देतो.

ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन 'खडे पाडण्याच्या' उपायात दुसऱ्या दिवशी शौचात हिरवे मऊ गोळे दिसतात हे खरं आहे. ते खडे नसतात. तेल आणि पाचकरस यांच्यापासून आतड्यात तयार झालेला तो साबण असतो. पुन्हा सोनोग्राफी केली की खडे होते तिथेच असतात.

निदान खडे काढून पित्ताशय तरी ठेवता येणार नाही का?

तंत्र म्हणून शक्य आहे, पण ज्या पित्ताशयाने एकदा खडे केले ते पुन्हा करतं. खडे हा परिणाम असतो. पित्ताचं बिघडलेलं मिश्रण आणि पित्ताशयाची मंदावलेली हालचाल हे मूळ तिथेच राहतं.

खडा नळीत उतरलाय असं सांगितलं. आता दोन ऑपरेशनं होणार का?

मुख्य पित्तनळीतला खडा साध्या सोनोग्राफीत बऱ्याचदा निसटतो. म्हणून रक्तातल्या लिव्हरच्या तपासण्या बिघडलेल्या असतील किंवा नळी फुगलेली दिसत असेल तर एमआरसीपी नावाचा स्कॅन किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफी करतात. खडा असल्याचं पक्कं झालं की तोंडावाटे दुर्बीण घालून, ईआरसीपीने, तो काढतात. पोटावर काप येत नाही. मात्र यानंतर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, त्यामुळे नुसतं 'बघण्यासाठी' ईआरसीपी करत नाहीत. नळी मोकळी झाली की पित्ताशय काढण्याचं फार लांबवू नका. काही ठिकाणी दोन्ही गोष्टी एकाच वेळी उरकतात.

दुर्बिणीच्या ऑपरेशनात नेमकं काय करतात? धोका किती?

पहिलं पित्ताशय १८८२ मध्ये बर्लिनला कार्ल लांगेनबुख यांनी पोट उघडून काढलं. दुर्बिणीतून पहिलं काढलं ते १९८५ मध्ये, जर्मनीतच, एरिख म्यूह यांनी. सुरुवातीला त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांची थट्टाच केली. आज तीच नेहमीची पद्धत आहे. पूर्ण भूल देतात, पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात, बहुधा चार छोटी भोकं पाडतात, पित्ताशयाची नळी आणि रक्तवाहिनी क्लिप लावून कापतात आणि पित्ताशय पिशवीत घालून बेंबीजवळच्या भोकातून बाहेर काढतात. साध्या ऑपरेशनला तासाभराच्या आसपास वेळ लागतो.

रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पित्त गळणं हे धोके आहेत, पण ते बहुधा निभावतात. भीती एकाच गोष्टीची: मुख्य पित्तनळीला इजा. ती हजारातल्या तीन ते पाच जणांना होते, पण झाली तर दुरुस्तीची मोठी शस्त्रक्रिया आणि वर्षानुवर्षांचा पाठपुरावा मागे लागतो. सूज जास्त असली, सगळं एकमेकांना चिकटलेलं असलं, की हा धोका वाढतो. अशा वेळी सर्जन दुर्बीण थांबवून पोट उघडतो किंवा पित्ताशयाचा थोडा भाग जागेवरच ठेवतो. याला अपयश समजू नका. अडचणीत हट्ट न करणारा सर्जन मला जास्त भरवशाचा वाटतो.

सर्जनला काय विचारावं?

माझा त्रास खड्यांचाच आहे असं तुम्हाला का वाटतं? ऑपरेशन नाही केलं तर पुढच्या वर्षभरात काय होऊ शकतं? माझ्या नळीत खडा नाही हे कशावरून? पोट उघडावं लागण्याची शक्यता माझ्या बाबतीत किती? पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'खडे आहेत म्हणून' एवढंच मिळालं, तर दुसरं मत घ्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाची औषधं, आधी भूल दिली तेव्हा झालेला त्रास, हे सगळं तुम्ही आपणहून सांगायचं. ते विचारतील याची वाट बघू नका.

ऑपरेशन पोटाचं, मग खांदा का दुखतोय?

पोटात भरलेला गॅस श्वासपटलाला डिवचतो आणि त्या भागाच्या नसा खांद्याच्या नसांशी जोडलेल्या असतात. दोन-तीन दिवसांत थांबतं. हळूहळू चालत राहिलं की लवकर थांबतं.

कामावर कधी जाता येईल?

दुर्बिणीचं ऑपरेशन असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. चालणं त्याच संध्याकाळपासून. बैठं काम एक ते दोन आठवड्यांत बहुतेकांना जमतं. जड उचलणं आणि पोटावर ताण देणारा व्यायाम चार ते सहा आठवडे नको, कारण बेंबीजवळच्या भोकातून हर्निया व्हायची शक्यता असते. गाडी चालवण्याबाबत साधी कसोटी आहे: अचानक करकचून ब्रेक दाबताना पोट दुखत नाही आणि गुंगी आणणारी वेदनाशामकं बंद झालेली आहेत. पोट उघडलं असेल तर हे सगळं दुपटीने लांबतं.

घरी आल्यावर दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते वाढतंय, ताप आहे, पोट ताठ आहे, डोळे पिवळे आहेत किंवा एका पायाची पोटरी सुजून दुखतेय, तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका.

पित्ताशय गेल्यावर पचन कसं होणार?

पित्त पित्ताशय बनवत नाही, लिव्हर बनवतं, रोज अर्धा ते एक लिटर. पित्ताशय हा घराच्या गच्चीवरच्या टाकीसारखा: जेमतेम ३० ते ५० मिलिलिटरचा साठा, तो आटवून दाट करायचा आणि स्निग्ध जेवण आतड्यात पोचलं की एकदम सोडायचा. टाकी काढली तरी नळाला पाणी येतच राहतं, फक्त सतत आणि बारीक धारेने. घोड्याला आणि कबुतराला जन्मतःच पित्ताशय नसतं, आणि त्यांचं काही अडत नाही. अ, ड, ई, के ही स्निग्ध पदार्थांतून मिळणारी जीवनसत्त्वंही सहसा कमी पडत नाहीत, त्यासाठी वेगळ्या गोळ्या लागत नाहीत.

म्हणजे तेलकट कायमचं बंद?

नाही. आयुष्यभराचं पथ्य म्हणून दिलेल्या छापील याद्यांना फारसा आधार नाही. पहिले काही आठवडे थोडं थोडं, जास्त वेळा खा, एकाच जेवणात खूप तळलेलं किंवा साय-लोण्याचं घेऊ नका. मग एकेक पदार्थ परत आणा. सोसत नसेल तो महिनाभर बाजूला ठेवून पुन्हा आजमावा. दोन-तीन महिन्यांत बहुतेक जण पूर्वीसारखं जेवतात. भीतीपोटी सगळंच सोडून वर्षानुवर्षं मऊ, फिकं खात राहणारी माणसं असतात. त्यांच्या तब्येतीचं नुकसान ऑपरेशनपेक्षा या पथ्याने जास्त होतं.

ऑपरेशन झाल्यापासून जेवलं की लगेच पळावं लागतं. हे असंच राहणार का?

काही जणांना हे होतं आणि त्याबद्दल आधी कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून घाबरायला होतं. कारण असं: सतत झिरपणाऱ्या पित्तातली आम्लं लहान आतड्यात पूर्ण शोषली गेली नाहीत तर मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथे पाणी ओढून घेतात. शौच पातळ, पिवळसर, घाईची होते, विशेषतः सकाळी आणि जेवणानंतर.

बऱ्याच जणांचं काही आठवड्यांत आपोआप जुळतं. तोवर स्निग्ध पदार्थ थोडे कमी करून बघा, कॉफी कमी करा आणि ओट्स किंवा इसबगोलासारखा पाणी धरून ठेवणारा तंतू घ्या. नाहीच जमलं तर पित्ताम्लं बांधून ठेवणारी कोलेस्टिरामिनसारखी औषधं आहेत आणि ज्यांना हाच त्रास असतो त्यांना ती छान लागू पडतात. ती इतर गोळ्यांनाही बांधून ठेवतात, म्हणून बाकीच्या गोळ्या या औषधाच्या किमान तासभर आधी किंवा चार ते सहा तासांनंतर घ्यायच्या. 'पित्ताशय काढलंय, आता हे चालायचंच' असं उत्तर मिळालं तर त्यावर समाधान मानू नका. शौचातून रक्त जात असेल, वजन उतरत असेल, तर मात्र कारण दुसरं शोधायला हवं.

काढल्यावरही पुन्हा तशीच कळ आली. असं कसं?

शक्यता तीन-चार आहेत. नळीत खडा राहून गेला असेल, किंवा नंतर नळीतच नवा तयार झाला असेल. हो, पित्ताशय नसतानाही हे होतं. पित्तनळीच्या तोंडाशी असलेला स्नायू आखडत असेल. पित्ताशयाचा राहिलेला तुकडा त्रास देत असेल. किंवा मूळ दुखणंच जठराचं, आतड्याचं होतं. कळ आली त्याच वेळी, निदान दुसऱ्या दिवशी, लिव्हरच्या रक्ततपासण्या करून घ्या. आठवड्याने केलेली तपासणी अगदी नॉर्मल येऊ शकते आणि मग धागा सापडत नाही.

गरोदरपणात खड्यांचा त्रास सुरू झाला तर?

गरोदरपणात पित्ताशय मंदावतं, त्यामुळे हे काही दुर्मीळ नाही. वारंवार कळा येत असतील तर दुर्बिणीचं ऑपरेशन करता येतं. त्यातल्या त्यात मधले तीन महिने सोयीचे. पित्ताशय आधीच काढलेलं असेल तर गरोदरपणाला त्याची काही आडकाठी नाही.

काढलेल्या पित्ताशयाचं पुढे काय करतात?

ते पॅथॉलॉजी तपासणीला जायला हवं. क्वचित, शंभरात एकापेक्षाही कमी वेळा, त्यात लपलेला कॅन्सर निघतो आणि मग पुढचे उपचार बदलतात. खडे बाटलीत घालून दाखवतात, लोक त्यांचे फोटोही काढतात. पण आठवड्याभराने येणारा कागद आणायला विसरतात. तो आणाच.

पुढे कधी दुसऱ्या कारणाने सोनोग्राफी केली तर?

पित्ताशय काढलंय हे सुरुवातीलाच सांगा, नाहीतर तपासणारा ते शोधत बसतो. पित्ताशय काढलेल्यांची मुख्य नळी थोडी रुंद दिसू शकते, अगदी १० मिलिमीटरपर्यंतही. दुखत नसेल आणि लिव्हरच्या तपासण्या चांगल्या असतील तर त्या एका ओळीवरून नव्या स्कॅनच्या मागे लागू नका. ऑपरेशनची नोंद, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड या तिन्हींचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पोटावरचे व्रण इतके पुसट होतात की दहा वर्षांनी बघणाऱ्या डॉक्टरला त्यावरून काही कळत नाही.